डोहात ओतलेली सरकी

माय,

ओली सरकी सडली की कसा वास येतो, ते तुला सांगायची गरज नाही. आंबलेल्या पिठासारखा सुरू होतो, मग त्यात तेलकटपणा येतो, आणि तिसऱ्या दिवशी तो नाकातून उतरून घशात बसतो. अकोल्यात मी राहतो तिथून कापसाचे कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत. पावसाळ्यात वारा फिरला की तो वास सरळ घरात येतो आणि मी ताटावरून उठतो. सून विचारते, "मामाजी, भाजी खारट झाली काय?" मी नाही म्हणतो आणि अंगणाच्या कडेला जाऊन थुंकून येतो. तिला कारण कधी सांगितलं नाही. पोरालाही नाही. तुला सांगायचं तर तुला ते ठाऊकच आहे, आणि तरी आज लिहायला बसलो आहे.

माझी ही भाषा वाचून तू हसली असतीस. अक्षरं मला तिशी उलटल्यावर पुण्याकडच्या एका मास्तरांनी शिकवली, त्यामुळे कागद समोर आला की त्यांचीच बोली हातातून उतरते. तोंडानं मी अजून आपल्यासारखंच बोलतो. तू बोललेलं मात्र जसंच्या तसं लिहिणार आहे. ते बदलायला हात धजत नाही.

वलगावच्या पुढे, पूर्णेच्या अलीकडे आपलं गाव. गावाच्या खालच्या अंगाला तळं. पाटलाचं म्हणत, पण पाटलानं त्यात कधी पाय बुडवला नव्हता. बाप पालखी उचलायचा आणि मी लहान असतानाच गेला, त्यानंतर तळं तू धरलंस. बाकीचे भोई नदीवर जाळं टाकत, सापडलं ते आणत आणि विकत. तू तळं शेतासारखं करत होतीस. उन्हाळ्यात पाणी आटलं की उघडा पडलेला काळा गाळ तू आम्हाला उपसायला लावायचीस, वर चुना भुरभुरायचीस आणि जमीन भेगाळेपर्यंत वाट पाहायचीस. पावसाळा लागला की पूर्णेच्या काठच्या डबक्यांतून पांढऱ्या मासोळीची पिलं मडक्यांत भरून, कावडीनं, सावलीसावलीनं आणायचीस. वाटेत दर थोड्या वेळानं मडक्यातलं पाणी हातानं ढवळायचीस, का तर पिलांचा जीव कोंडतो. आणि तळ्याच्या कोपऱ्यात, जिथं फार पूर्वी कुणी विटांसाठी माती काढली होती, तिथल्या खोल डोहाला बांबूची ताटी लावून तू मरळ वेगळी ठेवली होतीस.

त्या मरळींवरून गाव तुला हसायचं. त्या कापायच्या नाहीत, विकायच्या नाहीत, घरी पाहुणा आला तरी नाही. दर वर्षी पिलांतून जी लवकर वाढली, जिच्या अंगावर डाग पडला नाही, जी खायला पुढे आली, ती तू बाजूला काढायचीस, शेपटीचा एक कोपरा कातरून खूण करायचीस आणि डोहात सोडायचीस. पाटील एकदा बांधावर उभा राहून म्हणाला, "मासोळीले कोणी राखते का वं? ते का गाय हाय?" तू कमरेएवढ्या पाण्यातून म्हणालीस, "पाटील, जवारीचं चांगलं कणीस तुमी बियाले ठेवता का खाऊन टाकता?" दहा-बारा वर्षांत तुझी मरळ हातभर लांब व्हायला लागली होती. अंजनगावच्या बाजारात लोक टोपली उघडायच्या आधी विचारत, ही त्या बाईच्या तळ्याची का. पिलं लहान असताना लाल ठिणग्यांसारखी घोळक्यानं वर यायची आणि खाली नर-मादी पहारा करायची. त्या दिवसांत तू कुणाला ताटीजवळ फिरकू द्यायची नाहीस. वारुळं फोडून आणलेली वाळवी तू त्या ठिणग्यांवर चिमटीचिमटीनं टाकायचीस. मोठ्यांसाठी झिंगे. पांढऱ्या मासोळीला जवसाची पेंड आणि कोंडा, शिजवून, गोळे करून, रोज एकाच जागी टोपलीत. दुपारी टोपली वर ओढून बघायची. उरलं असलं की दुसऱ्या दिवशी कमी. एखादीच्या अंगावर तांबडा फोड दिसला तर ती वेगळ्या घागरीत, मिठाच्या पाण्यात, फोडावर हळद. तुझ्या हाताला सदा मासोळीचा वास यायचा. त्या वासाची मला कधी किळस आली नाही.

तू मला मारलंस असं आठवत नाही, पण एकदा जे केलंस ते मारापेक्षा वाईट होतं. मी विशीचा होतो, तू पूर्णेकाठी मामाकडे गेली होतीस आणि तळं माझ्यावर होतं. अमरावतीला कुस्त्या होत्या आणि माझे सोबती गाडीत बसून खोळंबले होते. मी तीन दिवसांचे गोळे टोपलीत न टाकता एकदमच पाण्यात लोटले आणि निघून गेलो. परत आलो तेव्हा पांढरी मासोळी पाण्यावर तोंड काढून आ वासत होती, आणि तू काठावर बसून होतीस. म्हणालीस, "उतर." मी उतरलो. "खाली हात घाल अना काढ." तळाशी गोळे फुगून बुळबुळीत झाले होते, त्यांवर करडी साय आली होती. ओंजळभर वर काढलं तशी तू म्हणालीस, "आता हुंग." मी तोंड फिरवलं. "हुंग म्हणते ना! हे तू त्याईले खाऊ घातलं. भुकेनं मासोळी दहा दिवस मरत नाई. उरल्या अन्नानं दोन दिवसांत मरते." मी हुंगलं आणि तिथंच ओकलो. तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास आणि उरलेला गाळ माझ्याबरोबर काढायला पाण्यात उतरलीस.

मग कापसाचे दिवस आले. समुद्रापार कुठं तरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचं मोल आलं, असं लोक सांगत. मला त्यातलं काही कळत नव्हतं. डोळ्यांना दिसत होतं ते एवढंच की माणसं वेडी झाली. ज्यांच्या शेतात जवारी डोलायची त्यांनी बांधाच्या कडेपर्यंत कापूस पेरला आणि स्वतःच्या पोरांसाठी जवारी बाजारातून आणली. बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा आल्या. ज्या घरात कालपर्यंत अंबाडीची भाजी व्हायची तिथं जिलेबी उष्टी टाकली जाऊ लागली आणि गल्लीतली कुत्री ती खाऊन माजली. अमरावतीच्या एका शेठनं आपल्या गावाबाहेर मोठं आवार घातलं. तिथं शे-दीडशे बायका हातानं फिरवायच्या लाकडी रेच्यावर कापूस घालून रुई आणि सरकी वेगळी करायला बसत. रुई गाड्यांत भरून जायची, सरकी तिथंच पडायची. सुरुवातीला लोक ढोरांना न्यायचे, नंतर ढोरांनाही खाववेना इतकी झाली. आवारामागं सरकीची टेकडी उभी राहिली.

शेठला पाणी वाहायला माणसं हवी होती आणि भोई पाणी वाहतात. मी गेलो. तू नको म्हणाली नाहीस, फक्त विचारलंस, "इतकं पाणी त्याले कायले लागते?" मी सांगितलं, बायकांना प्यायला. ते खोटं होतं. ते पाणी रुईवर शिंपडायचं होतं, ओली रुई जड भरते म्हणून. नुसत्या पाण्यानं समाधान होईना तेव्हा आपल्याच तळ्याच्या काठची बारीक माती त्यात कालवायची, वर मूठमूठ सरकी टाकायची आणि सगळं पायांनी तुडवून गठ्ठा बांधायचा. मी तुडवत होतो, माय. पांढरीशुभ्र रुई पायाखाली चिखल होताना बघत होतो. शेठ पान खात उभा राहायचा आणि म्हणायचा, "दाबून, दाबून. विलायतेतला साहेब का उघडून पायते?" आम्ही हसायचो. मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचो. आज तो हसण्याचा आवाज आठवला की अंगावर काटा येतो. तेव्हा मात्र मला वाटायचं की मी शहाणा झालो, आणि तू अजून वाळवी वेचत बसली आहेस.

त्या वर्षी दिवाळीला मी तुझ्यासाठी लुगडं आणलं. गिरणीचं, तलम, बोटातून निसटणारं. गावात पाटलिणीशिवाय कुणाकडे तसं नव्हतं. तू ते उजेडात धरलंस, सूत न्याहाळलंस, खूप वेळ न्याहाळलंस. मला वाटलं माय हरखली. पावसाळ्यात बघतो तर तू त्याचे चार तुकडे करून, कडेला काड्या बांधून पिलं गाळायची झोळी केली होतीस. मी आरडाओरडा केला. तू अगदी सरळपणे म्हणालीस, "अरे, कावून रागावून राह्यला? इतकं बारीक कापड मले आजवर भेटलं नव्हतं. पिलांचे खवले निघत नाई यात. लई चांगली वस्तू आणली तू." तुला खरोखरच आनंद झाला होता. मला वाटलं तू माझा अपमान केलास. महिनाभर मी तुझ्याशी धड बोललो नाही. तो महिना श्रावणाचा होता.

शेठनं भाव आणखी चढेल म्हणून पुष्कळ माल पावसाळ्यापर्यंत दाबून ठेवला होता. भिजवलेले गठ्ठे आतून तापले, काळे पडले. उघडले की वाफ यायची आणि आत पांढऱ्या अळ्या वळवळायच्या. तेवढ्यात खबर आली की माल तपासायला सरकारी साहेब अमरावतीहून निघाला आहे, खोटेपणा करणाऱ्यांना धरतो आहे. शेठचं तोंड पांढरं पडलं. जाळावं तर ओलं जळेना, पुरावं तर काळ्या चिखलात खणणं होईना. त्यानं आम्हाला गोळा केलं आणि विचारलं, "तळ्यात सगळ्यात खोल पाणी कुठं हाय? वर तरंगून दिसलं नाई पायजे." ताटीआडच्या डोहाची खोली गावातल्या बाकीच्यांना माहीतही नव्हती. मला माहीत होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू तं तळ्यातलाच ना रे?"

मी जागा दाखवली.

भर दुपार होती. तू कावड घेऊन पूर्णेवर गेली होतीस, हे मला ठाऊक होतं. बांबूची ताटी मी माझ्या हातानं उपटली, गाड्या मागं घेता याव्यात म्हणून. अकरा की बारा गाड्या रिकाम्या झाल्या. सडलेली रुई, आंबलेली सरकी, अळ्या, चिखल. पाण्यावर लाल ठिणग्यांचा एक घोळका होता. पहिली गाडी उलटली तेव्हा तो फुटला, पुन्हा जमला, दुसऱ्या गाडीनंतर दिसला नाही. नरानं दोनदा उसळी मारली. गाडीवान म्हणाला, "अबे पाह्य, केवढी मोठी हाय!" आणि त्यानं दगड मारला.

साहेब आला, आवारात उरलेला कोरडा माल पाहून गेला, पाटलाच्या घरी जेवला. इकडे तळं दुसऱ्या दिवशी तपकिरी झालं, तिसऱ्या दिवशी काळं. बुडबुडे यायचे आणि फुटले की नाकाला झिणझिण्या यायच्या. पांढरी मासोळी आधी गेली. काठाकाठानं पोटं वर करून अशी दाट साचली की कावळे त्यांच्यावर चालत होते. मरळ वरची हवा घेऊन तगते, म्हणून ती पाणी सोडून बाहेर निघाली. ओल्या गवतावरून छातीनं सरपटत, बांध चढून, नाल्याकडे. तुझ्या बारा वर्षांच्या मरळी. आणि गाव काठ्या घेऊन बांधावर उभं होतं. जिलेबी उष्टी टाकणारं गाव! बायका पदरात भरत होत्या, म्हातारे एकमेकांना ढकलत होते, एकानं दुसऱ्याच्या हातातली मरळ ओढताना तिचे दोन तुकडे केले. पाटलाच्या गड्यानं तीन टोपल्या नेल्या. मेलेली, फुगलेलीसुद्धा उचलली आणि अंजनगावच्या बाजारात तुझं तळं सांगून विकली. खाऊन माणसं आजारी पडली तेव्हा शिव्या तुला बसल्या.

तू त्या काळ्या पाण्यात छातीपर्यंत उभी होतीस. फाटक्या झोळीनं चाळत होतीस, एखादं जिवंत पिलू लागतं का म्हणून. अंगाला सरकीची साय चिकटली होती. सगळे गेल्यावर तू वर आलीस. घागरीत चार मरळी होत्या, एकीची शेपटी कातरलेली. माझ्याकडे न बघता विचारलंस, "जागा कोणं दाखवली?"

खोटं बोलता आलं असतं. एवढं एकच काम मी धड केलं. म्हणालो, "मी."

तू घागरीत हात घालून पाणी ढवळलंस. मग म्हणालीस, "तुले ठाऊक होतं का पिलं हायेत?"

"हो."

"मंग बरं," तू म्हणालीस. ते "बरं" मला आजवर उलगडलेलं नाही. नकळत झालं असतं तर तुला माझी कीव करावी लागली असती, म्हणून का? की एवढं शिकवलेलं पोराला कळलं तरी होतं, म्हणून? तू घागर डोक्यावर घेतलीस आणि पूर्णेकडे चालू लागलीस. मी मागून आलो. तू वळलीस आणि शांतपणे म्हणालीस, "तू नको येऊ. तुह्या अंगाचा वास येऊन राह्यला." मी आंघोळ करून आलो होतो.

घाण सुटली म्हणून शेठनं आणि पाटलानं मिळून बांध फोडला. पाणी नाल्यातून गेलं, खाली दोन गावांची ढोरं तोंड लावेनात. तळाच्या गाळात पुढच्या वर्षी कापूस पेरला आणि तो माणसाच्या छातीएवढा झाला. लोक बघायला यायचे. तुझ्या मासोळ्यांच्या खतावर आला होता तो. तू तोवर पूर्णेच्या काठी मामाकडे राहायला गेली होतीस आणि त्याच्या जाळ्यांना गाठी मारत होतीस. मी आलो की भाकर वाढायचीस, पण मी आणलेलं काही घ्यायची नाहीस. लढाई संपली, कापूस पडला, शेठ एका आठवड्यात आवार सोडून पळाला. घंटा विकल्या गेल्या. मला त्याचं समाधान वाटायला हवं होतं, पण तेव्हाही लोक म्हणत होते, पुन्हा कुठं तरी लढाई लागू दे. त्याच वर्षी पटकीची साथ आली. मामाचा निरोप पोचून मी आलो तेव्हा तुला जाळून दोन दिवस झाले होते. मामानं सांगितलं की शेवटी तू पाणी मागत होतीस आणि दिलेलं पाणी आधी हुंगून बघत होतीस.

मी अकोल्याला आलो. इथं रेल्वे आली होती, हमाली मिळाली, मग कारखान्यात राखण. मासोळी खाणं सोडलं. जाळ्याला हात लावला नाही. वीस वर्षांत तळ्याकाठी बसलोही नाही.

यंदा इथल्या मोठ्या लोकांनी गावाबाहेर एक तळं बांधलं. हौसेनं त्यात मासोळी सोडली, ती मरू लागली. कुणी तरी सांगितलं, कारखान्याचा म्हातारा राखणदार भोई आहे, त्याला विचारा. मी आधी गेलो नाही. मग एका सकाळी पाय आपोआप वळले. बघतो तर पुण्य म्हणून लोक टोपल्याटोपल्या भात आणि पोळ्या पाण्यात टाकत होते. मी तळाशी हात घातला, काढलं, आणि तिथल्या कारकुनाला म्हणालो, "साहेब, हे हुंगा." त्यानं रुमाल नाकाला लावला. महिनाभर मी ते तळं केलं. खाणं बंद केलं, गाळ काढला, चुना टाकला, टोपली बांधली, फोड आलेल्या मासोळ्या मिठाच्या पाण्यात धरल्या. हातांना सगळं आठवत होतं. मासोळी मरायची थांबली. या पावसाळ्यात मरळीनं पिलं काढली.

काल ते मोठे लोक बघायला आले. सगळे खूश झाले. त्यांतल्या एकानं वही काढली आणि आदरानं विचारलं, "बाबा, ही विद्या कुणाकडून शिकलात? लिहून ठेवायचं आहे." तुझं नाव ओठांवर आलं होतं. सभोवती दहा-बारा पागोटी होती. बाई म्हटलं तर हसतील, असं वाटलं. आणि खरं सांगतो, त्यापेक्षाही मोठी भीती ही वाटली, की तुझं नाव घेतलं तर पुढं विचारतील, मग ते तळं कुठं गेलं.

मी म्हणालो, "बापाकडून." त्यानं लिहून घेतलं. आज दिवसभर मी घरीच होतो, आणि जाऊन ते खोडायला लावलं नाही.